डिक्री झालीये, आता पुढं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी पैशाच्या डिक्रीबद्दलचेच प्रश्न इतके आले की बाकी सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. आधी दोन शब्द नीट समजून घ्या. दिवाणी कोर्ट दावा ऐकून अमक्याने तमक्याला इतके पैसे द्यावेत असं ठरवतं तो कागद म्हणजे डिक्री, जुने लोक हुकूमनामा म्हणतात. ते पैसे वसूल करायला जिंकलेला माणूस परत कोर्टात जो अर्ज टाकतो ती दरखास्त. दावा वेगळा, दरखास्त वेगळी. दरखास्तीत जाऊन मुळात पैसे घेतलेच नव्हते, सही माझी नव्हती असलं काही सांगून उपयोग नसतो, कारण दरखास्त चालवणारं कोर्ट डिक्रीच्या मागे जात नाही, ते भांडण दाव्यात नाहीतर अपिलात करायचं असतं. अर्धे लोक इथेच गंडतात.

प्रश्न : धंद्यासाठी ओळखीच्याकडून पैसे घेतले होते, धंदा बुडाला, त्याने दावा लावला आणि ३ लाख ८० हजारांची डिक्री झाली. आता कोर्टाची नोटीस आलीये की तुम्हाला दिवाणी तुरुंगात का ठेवू नये याचं कारण दाखवा. घरात रडारड चाललीये. थोडे दिवस गावाकडं जाऊन राहू का? — एक छोटा व्यावसायिक

नका जाऊ. तुमच्या केसमध्ये तुरुंगाची वाट जर कशाने सोपी होणार असेल तर ती नेमकी याच गोष्टीने होईल.

बघा, ही नोटीस म्हणजे अटक नाही, अटक करायच्या आधी कोर्ट तुम्हाला बोलायची संधी देतंय. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, तिचं कलम ५१, त्यात स्पष्ट लिहिलंय की पैशाच्या डिक्रीसाठी माणसाला आत ठेवायचं तर कोर्टाला कारणं लेखी नोंदवावी लागतात. आणि कारणं कसली, तर हा माणूस कोर्टाच्या हद्दीतून पळून जाण्याची शक्यता आहे, किंवा दावा लागल्यावर त्याने मालमत्ता लपवली, दुसऱ्याच्या नावावर केली, किंवा डिक्री झाल्यापासून त्याच्याकडे द्यायला पैसे आहेत किंवा होते आणि तरी तो देत नाहीये. विश्वासाने सांभाळायला दिलेल्या पैशाचा हिशोब द्यायचा असेल तर तेही एक कारण आहे पण तुमचं ते नाही. पैसे नाहीत म्हणून तुरुंग, असं त्यात कुठेच नाही. १९८० साली सुप्रीम कोर्टाने जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या केसमध्ये हेच ठणकावून सांगितलं, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा निकाल आहे, की नुसती गरिबी हा गुन्हा नाही, कर्ज न फेडण्यामागे काहीतरी अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत असणारच, नसेल तर वकील बदला.

म्हणून तारखेला जा. जाताना बँकेचं पासबुक, धंदा बंद झाल्याचे कागद, घरभाडं, मुलांची फी, दुसरी कर्जं, जे काय असेल ते घेऊन जा आणि खरी परिस्थिती लेखी द्या. कोर्ट मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागू शकतं, ते मागितलं तर टाळू नका, कारण तो आदेश मोडला तर त्याच गोष्टीसाठी ३ महिन्यांपर्यंत आत ठेवायची सोय कायद्यात आहे, आणि खोटं लिहिलं तर प्रकरण आणखीनच वाढतं. तुम्ही नोटिशीला गेलाच नाहीत तर मात्र वॉरंट निघतं, मग बेलिफ, म्हणजे कोर्टाचं वॉरंट बजावणारा माणूस, दारात.

आणि समजा कोर्टाने आत ठेवायचं ठरवलंच, तरी ५ हजारांच्या वरच्या डिक्रीला जास्तीत जास्त ३ महिने, २ ते ५ हजारांना ६ आठवडे, आणि २ हजारांपर्यंत असेल तर आत ठेवताच येत नाही. तेवढे दिवस तुमच्या जेवणाखाण्याचा भत्ता भरायचा समोरच्याने, आधी. हे ऐकून बऱ्याच दावा लावणाऱ्यांचा उत्साह कमी होतो हे मी पाहिलंय. पण एक लक्षात असू द्या, आत राहून आलात म्हणून कर्ज फिटत नाही. त्याच डिक्रीसाठी परत अटक होत नाही एवढंच, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

हप्ते मागायचे असतील तर डिक्री होतानाच मागणं सगळ्यात चांगलं. नंतर मागायचे तर डिक्रीपासून ३० दिवसांत अर्ज आणि समोरच्याची संमती लागते. ते दिवस तुमचे गेलेत असं दिसतंय, पण समोरच्याला पटलं तर आजही हप्त्यांची तडजोड कोर्टात लिहून घेता येते, आणि परवडेल तेवढी का होईना, काही रक्कम हातात घेऊन तारखेला गेलात तर बोलणं वेगळ्या सुरात होतं.

प्रश्न : बेलिफ येऊन घरातलं काय काय नेऊ शकतो? मिस्टरांवर डिक्री आहे, माझं शिलाई मशीन आणि मंगळसूत्र नेतील का? — एक भगिनी

ताई, मंगळसूत्र नाही. धर्माच्या रीतीने बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, घरातल्यांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण हे जप्त होत नाही. कारागिराची हत्यारंअवजारं जप्त होत नाहीत, शेतकऱ्याची अवजारं, लागतील तेवढी जनावरं आणि बियाणं पण नाही. शेतकरी, मजूर किंवा घरकाम करणारा माणूस स्वतःच्या घरात राहत असेल तर ते घरसुद्धा सुटतं (पण ते घर गहाण टाकून कर्ज घेतलं असेल आणि गहाणाचीच डिक्री असेल तर नाही हं, तिथे घराचाच लिलाव असतो). पीएफ, पीपीएफ, आयुर्विम्याचे पैसे, सरकारी पेन्शन हे पण सुटतं. हे सगळं कलम ६० मध्ये आहे, आणि मजा म्हणजे कुणी तुमच्याकडून ही सूट मी सोडतो असं लिहून घेतलं असेल तरी ते रद्दबातल.

टीव्ही, फ्रीज, गाडी, सोन्याची बिस्किटं, बँकेतली शिल्लक यांना ही सूट नाही.

शिलाई मशीनचं थोडं वेगळं आहे. ते तुमचं आहे, तुम्ही कर्जदार नाही, म्हणजे मुळात ते या डिक्रीत येतच नाही. पावती तुमच्या नावाची असेल तर दारात दाखवा, तरी उचललं तर कोर्टात लगेच हरकतीचा अर्ज टाका, लिलाव व्हायच्या आत. उशीर केला तर कोर्ट ऐकून घेईलच असं नाही.

बेलिफकडे कोर्टाच्या शिक्क्याचं वॉरंट असतं, ते बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे. सूर्य मावळल्यानंतर आणि उगवायच्या आधी तो घरात शिरू शकत नाही. त्याच्याशी भांडू नका, तो बिचारा नोकरी करतोय. आणि वॉरंट नसलेला, नुसता शर्ट इन केलेला कुणी दमदाटी करत आला तर तो बेलिफ नाही, वसुली एजंट आहे, त्याला घरातली काडी उचलायचा अधिकार नाही.

प्रश्न : डिक्रीनंतर मी वादीच्या घरी जाऊन वेळोवेळी रोख मिळून दीड लाख दिले. तो म्हणाला आपल्यात कागद कशाला. आता चार वर्षांनी त्याने पूर्ण रकमेची दरखास्त टाकलीये. — एक वाचक

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण असं पत्र दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी येतंच.

नियम असा आहे, आणि तो कडक आहे. डिक्रीचे पैसे कोर्टाच्या बाहेर दिले तर ते कोर्टात नोंदले गेले पाहिजेत. नोंद करायचं काम खरं म्हणजे पैसे घेणाऱ्याचं, पण त्याने नाही केलं तर तुम्हीही अर्ज देऊ शकता, आणि त्याला मुदत आहे पैसे दिल्यापासून फक्त ३० दिवस. नोंद न झालेले पैसे दरखास्तीचं कोर्ट धरतच नाही. दिलेच नाहीत असं समजून पुढं जातं. इतर ठिकाणी उशीर माफ करून घ्यायचा अर्ज चालतो तसा इथे चालत नाही. ऐकायला अन्यायाचं वाटतं, मलाही वाटतं, पण कायदा करणाऱ्यांनी विचार केला असणार की नाहीतर प्रत्येक जण येऊन म्हणेल मी रोख दिले होते.

तुमच्याकडे एक धागा आहे. डिक्रीला २ वर्षांहून जास्त झालेत म्हणजे दरखास्त पुढं जायच्या आधी तुम्हाला नोटीस काढावीच लागते, त्या तारखेला तुम्ही हजर राहून हे लेखी मांडा. दरखास्तीच्या अर्जातच एक रकाना असतो की डिक्रीनंतर काही पैसे मिळाले का, किती. तिथे त्याने काय लिहिलंय ते नक्कल काढून वाचा. कोर्टासमोर त्याने कबूल केलं तर प्रश्नच मिटतो, आणि समोरासमोर शपथेवर विचारल्यावर काही माणसं खरं बोलतात, अगदीच नाही असं नाही. त्याने पाठवलेला मेसेज, वहीत त्याच्या हातची नोंद, असं काही असेल तर वकिलाला आजच द्या. नसेल तर मनाची तयारी ठेवा की हे दीड लाख धरले जाणार नाहीत.

बाकीच्यांसाठी सांगतो, सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे पैसे सरळ कोर्टात जमा करा आणि समोरच्याला रजिस्टर पोस्टाने नाहीतर कोर्टामार्फत कळवा. ती सूचना मिळाल्या तारखेपासून तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं. भरलेले पैसे सहसा आधी व्याजाला आणि खर्चाला लागतात, उरले तर मुद्दलाला, त्यामुळे थोडे थोडे भरून मुद्दल हलतच नाही असं वाटलं तर चक्रावू नका. थेट द्यायचेत तर बँकेतूनच द्या. आणि कमी रकमेत मिटवलंत तर नुसत्या हात मिळवण्यावर जाऊ नका, त्याच्या वकिलाच्या सहीने दरखास्तीत पूर्ण समाधानाची पुरशीस, म्हणजे सगळे पैसे मिळाले असं कोर्टाला लेखी कळवणारा कागद, दाखल होऊ द्या आणि तिची नक्कल घरी आणून ठेवा. पुरशीस दाखल होते त्याच दिवशी, त्याच टेबलावर चेक द्यायचा. आधी नाही.

प्रश्न : पगारावर जप्ती आलीये. पूर्ण पगार कापतील का? — नोकरदार

नाही. पहिले १ हजार सोडायचे, उरलेल्याचे दोन भाग सोडायचे, तिसरा भाग कापायचा. पगार ३१ हजार असेल तर ३० हजारांचा तिसरा हिस्सा म्हणजे महिन्याला १० हजार. एकाच डिक्रीसाठी असं एकूण २४ महिने कापून झालं की त्या डिक्रीसाठी तुमचा पगार कायमचा सुटतो, अकाउंट सेक्शनला हे माहीत नसतं, म्हणून महिने स्वतः मोजा. कर्ज उरलं असेल तर ते मात्र उरतंच, दुसऱ्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतं. आणि डिक्री बायकोमुलांच्या पोटगीची असेल तर हा हिशोब लागू नाही, तिथे पगाराचा फक्त तिसरा भाग तुमच्याकडे राहतो, बाकी जप्त होऊ शकतो. ते बरोबरच आहे.

प्रश्न : मला दाव्याचं समन्स कधी मिळालंच नाही, जुन्या पत्त्यावर पाठवलं होतं. एकदम बँक खातं गोठलं तेव्हा कळलं की एकतर्फी डिक्री झालीये. — वाचक

खातं गोठलं ती तारीख लिहून ठेवा. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर डिक्रीची माहिती झाल्यापासून ३० दिवसांत, ज्या कोर्टाने डिक्री केली तिथेच, ती रद्द करायचा अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडता येतो पण कारण पटण्यासारखं हवं, वकिलाने सांगितलं नाही हे दर वेळी पटत नाही. तुम्ही त्या काळात दुसरीकडे राहत होतात त्याचा पुरावा जमवा, भाडेकरार, लाइट बिल, आधारवरचा पत्ता बदलल्याची तारीख. पण तुम्हाला तारीख माहीत होती आणि यायला वेळही होता असं दिसलं तर समन्स बजावण्यात बारीकसारीक चूक होती एवढ्यावर डिक्री रद्द होत नाही.

यात एक फसगत होते. अर्ज टाकला की दरखास्त आपोआप थांबत नाही, अपील केलं तरी थांबत नाही. स्टे वेगळा मागावा लागतो आणि कोर्ट बहुतेक वेळा म्हणतं काही रक्कम भरा मग देतो. ती भरायची सोय आधी बघा.

प्रश्न : दिराच्या कर्जाला मी जामीनदार म्हणून सही केली होती. तो हप्ते भरत नाही, डिक्री दोघांवर झाली, आणि बँक माझ्याच मागे लागलीये. आधी त्याच्याकडून वसूल करा असं म्हणता येईल का? आणि मला अटक करतील का? — गृहिणी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो म्हणजे तुम्ही रात्री झोपाल : पैशाच्या डिक्रीसाठी बाईला अटक करता येत नाही, कलम ५६. विषय संपला.

पहिल्याचं उत्तर मात्र कडू आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी त्याला धरा मग मला असं म्हणता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्येच हे सांगून ठेवलंय. सही करताना सगळे सांगतात नुसती फॉर्मॅलिटी आहे वहिनी, आणि घरच्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड असतं तेही कळतं. तुम्ही भराल तेवढे पैसे दिराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, म्हणून भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती तुमच्या नावाने घ्या. सासूबाई काय म्हणतील हा कोर्टाचा प्रश्न नाही. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

प्रश्न : वडील वारले, त्यांच्यावर ७ लाखांची डिक्री होती. आता आम्ही मुलांनी भरायची का? — दोन भाऊ

वडिलांकडून तुमच्या हातात जेवढं आलं तेवढ्यापुरतंच. २ लाखांचा प्लॉट आला असेल तर २ लाखांपर्यंत, काहीच आलं नसेल तर काही नाही. तुमचा स्वतःचा पगार, स्वतः घेतलेला फ्लॅट याला हात लागत नाही. पण वडिलांची एफडी मोडून खर्च केली असेल तर ती कुठे गेली याचा हिशोब कोर्ट मागेल.

प्रश्न : पतसंस्थेने १०१ चा दाखला घेतलाय. हे पण डिक्रीसारखंच ना? — सभासद

वसुलीच्या बाबतीत जवळजवळ तसंच, पण कोर्ट वेगळं, किंबहुना कोर्टच नाही. हा दाखला महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६०, त्याच्या कलम १०१ खाली निबंधक, म्हणजे सहकार खात्याचा अधिकारी, देतो आणि वसुली अधिकारी जप्ती करतो. त्यावर दिवाणी कोर्टात अपील नाही, फेरतपासणीचा अर्ज करायचा तर वसूल होणाऱ्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. त्यामुळे खरी लढाई दाखला मिळायच्या आधीच, निबंधकाची नोटीस येते तेव्हा. खातेउतारा मागा, व्याज तपासा, तिथेच बोला.

प्रश्न : ६ लाख ४० हजारांसाठी माझे दोन्ही प्लॉट जप्त झालेत, लिलावाची तारीख लागलीये. काही वाचवता येईल का? — एक वाचक

बरंच काही. पहिली गोष्ट, डिक्री भागेल तेवढीच मालमत्ता विकायची असा नियम आहे. एका प्लॉटमध्ये भागत असेल तर दुसरा विकू नये, हे तुम्ही आत्ताच, लिलावाचा जाहीरनामा पक्का व्हायच्या आधी लेखी सांगा, कारण आधी मांडता आली असती अशी तक्रार लिलावानंतर ऐकत नाहीत. दुसरी, स्वतः गिऱ्हाईक आणून खासगी विक्री केली तर भाव जास्त येतो हे उघड आहे. कोर्टाकडे त्यासाठी वेळ मागता येतो, कोर्ट तशी परवानगी देतं आणि पैसे कोर्टात जमा होतात. परवानगीशिवाय विकू नका, जप्तीनंतरचा तो व्यवहार डिक्रीवाल्याच्या विरुद्ध टिकत नाही, आणि भावाच्या नावावर करून ठेवतो वगैरे आयडिया तर डोक्यातून काढून टाका, त्यानेच तुरुंगाचं कारण तयार होतं.

लिलावाच्या दिवशी बोली पक्की व्हायच्या आत कर्ज आणि खर्च समोर ठेवलात तर लिलाव थांबतो. आणि झालाच तरी ६० दिवस हातात असतात, त्यात जाहीरनाम्यातली रक्कम अधिक बोलीच्या ५ टक्के भरले की लिलाव रद्द. म्हणजे प्लॉट ९ लाखांना गेला असेल तर ६ लाख ४० हजार आणि वर ४५ हजार, ते ४५ हजार बोली लावणाऱ्याला त्याच्या त्रासाचे. ६१व्या दिवशी पैसे घेऊन गेलेला माणूस मी पाहिलाय, काही झालं नाही त्याचं.

प्रश्न : किती वर्षं गप्प राहिलं की डिक्री मरते? — नाव नको

१२ वर्षं. त्या १२ वर्षांत दरखास्त टाकली की झालं, मग ती चालायला कितीही लागोत. शिवाय दरखास्ती ६ महिन्यांत निकाली काढा असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सगळ्या कोर्टांना सांगितलंय, प्रत्यक्षात वेळ लागतो ही गोष्ट वेगळी. तुमच्या डिक्रीत पुढच्या व्याजाबद्दल काही लिहिलंच नसेल तर पुढचं व्याज नाही, पण ६ टक्के लिहिलं असेल तर ५ लाखांवर वर्षाला ३० हजार, म्हणजे तुमच्या त्या गप्प बसण्याच्या १२ वर्षांचे ३ लाख ६० हजार.